छत गळतंय? खान्देशातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत छतं चार तऱ्हांची दिसतात: स्लॅब, पत्रा, कौल आणि जुन्या गावठाणात अजून तग धरून असलेली मातीची धाबी. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की गाऱ्हाणं मात्र सगळ्यांचं एकच असतं, "भाऊ, घर गयी ऱ्हायनं!" खालचे प्रश्न तेव्हा हमखास विचारले जाणारे आहेत. स्लॅबला जास्त जागा दिली आहे, कारण चुकीच्या ठिकाणी सगळ्यात जास्त पैसा तिथेच ओतला जातो.

आमच्याकडे पाऊस तसा कमीच. मग कोकणासारखी घरं का गळतात?

पाऊस कमी, पण ऊन किती! जळगाव-धुळ्याच्या मैदानी भागात वर्षाला साधारण ६००-७०० मिलिमीटर पाऊस पडतो. नवापूर, अक्कलकुव्याकडे तो बराच वाढतो. मे महिन्यात भुसावळ, जळगावला पारा ४५ अंशांवर जातो आणि उघडी गच्ची हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापते. काँक्रीट तापलं की लांबतं, रात्री निवलं की आखडतं. १० मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान ३० अंशांनी बदललं तर त्याची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने बदलते. खालची विटांची भिंत तेवढी लांबत नाही. या रोजच्या ओढाताणीत जिथे सांधा असेल तिथे चीर पडते: कठड्याच्या बुडाशी, जिन्यावरच्या खोलीच्या कडेला, स्लॅब आणि भिंत मिळते तिथे. म्हणजे आपल्याकडे छत फाटतं मे महिन्यात आणि आपल्याला कळतं जूनमध्ये. दुरुस्ती करताना हे ध्यानात ठेवलं नाही तर दरवर्षी तेच काम पुन्हा निघतं.

डाग हॉलच्या मधोमध आहे, पण त्याच्या वर गच्चीला तर काहीच दिसत नाही. असं कसं?

पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. कोब्याखाली, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराखाली, शिरलेलं पाणी स्लॅबवरून उताराने सरकत जातं आणि स्लॅबमध्ये पुरलेला विजेचा पाईप सापडला की त्यातून थेट पंख्याच्या हुकापर्यंत येतं. पंख्यातून पाणी टपकतंय म्हणून हुकाच्या बरोबर वर सिमेंट थापणारे मिस्तरी कमी नाहीत. काही उपयोग होत नाही.

शोध असा घ्या. खोलीतल्या डागाचं अंतर दोन भिंतींपासून मोजा आणि तेच माप गच्चीवर खडूने उतरवा. भिंतीची जाडी धरायला विसरू नका. आता त्या खुणेवरून उताराच्या उलट दिशेला, म्हणजे चढाकडे, बघत जा. कोबा हातोडीने हलकेच ठोकत चला. घट्ट भाग टणक वाजतो, सुटलेला भाग पोकळ बोलतो. खडूने पोकळ भागाभोवती रेघ ओढली की नकाशाच तयार होतो.

सगळ्यात आधी पाणी जाण्याचं तोंड बघा. पाईपचं तोंड आणि कोबा यांच्यामध्ये फट असते, वरून निंबाचा पाला, कबुतरांची पिसं आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल अडकलेली असते. त्यानंतर कठड्याच्या बुडाचा वाटा, म्हणजे गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलवा. मग कठड्याचा माथा, टाकीच्या ओट्याचे पाय, डिश अँटेनाचे बोल्ट, आणि कपड्यांच्या दोरीसाठी ठोकलेले हुक. गच्चीच्या उघड्या मैदानात गळतीचं मूळ क्वचितच सापडतं. सापडतं ते कडांना आणि भोकांना.

पाणी तुंबवून चाचणी कशी करायची?

गच्चीच्या पाईपचं तोंड पिशवीत बांधलेल्या ओल्या चिंध्यांनी घट्ट बंद करायचं, उंबऱ्याच्या जागी मातीची पाळ घालायची आणि इंचभर पाणी उभं करून २४ ते ४८ तास ठेवायचं. कठड्यावर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा. खालच्या खोलीत दर काही तासांनी छत बघत राहा आणि ओल जिथे पहिल्यांदा उमटेल तिथे वेळ लिहून ठेवा.

अडचण पाण्याची. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर इंचभर पाणी म्हणजे जवळपास २,३५० लिटर. ज्या गावात नळाला आठवड्याने पाणी येतं तिथे हे कोण करणार? म्हणून गच्चीचे चार भाग करा, मातीच्या पाळीने एकेक भाग वेगळा काढा आणि तेच पाणी बादलीने पुढच्या भागात न्या. यात एक फायदाही आहे: कोणता चतकोर गळतो हे नेमकं कळतं. पूर्ण गच्ची एकदम भरली की "गळते" एवढंच कळतं, आणि ते तर आधीच माहीत होतं.

स्लॅब आधीच खाली झुकलेला असेल, सळया उघड्या पडल्या असतील तर ही चाचणी करू नका. पाण्यालाही वजन असतं. इंचभर पाणी दर चौरस मीटरला २५ किलो.

ओल छताची आहे की टाकीची, की भिंतीची?

उन्हाळ्यात डाग वाळतो का, ते पाहा. एप्रिलमध्येही डाग ओलाच असेल तर पावसाला दोष देऊ नका. टाकी, तिचा पाईप किंवा वरचा संडास-बाथरूम तपासा. टाकी रात्री पूर्ण भरा, सगळे नळ बंद ठेवा आणि सकाळी पातळी बघा. कूलरकडे दुर्लक्ष होतं: गच्चीवर ठेवलेल्या कूलरची टाकी चार महिने एकाच जागी झिरपत राहते.

फक्त पश्चिमेकडच्या भिंतीला, तेही वाऱ्यासह आलेल्या पावसात ओल येत असेल तर गच्ची निर्दोष असू शकते. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली भिंतीला आडवी चीर गेलेली दिसेल. उन्हाने लांबलेल्या स्लॅबने पाडलेली ती चीर, आणि नैर्ऋत्येचा वारा पाणी तिच्यातच मारतो. खिडकीच्या छज्जावर पाणी साचत असेल तर तेही तिथूनच आत येतं. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडायला खाच हवी. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाखालून वळून भिंतीकडे येतं.

चीर बुजवायची कशी? सिमेंटचं पाणी ओतलं तर?

सिमेंटचं पाणी ओतलं तर एक पावसाळा निघतो, कधी तोही नाही. केसासारखी बारीक आणि न हलणारी चीर असेल तर ठीक आहे. पण आपल्याकडच्या चिरा ऊन-गारव्याने रोज उघडझाप करतात. त्यात कडक सिमेंट भरलं की शेजारी नवी चीर पडते.

चीर आधी ग्राइंडरने किंवा छिन्नीने इंग्रजी व्हीच्या आकारात, साधारण १० ते १२ मिलिमीटर रुंद उघडावी. धूळ ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढावी. धुळीवर काहीच चिकटत नाही, आणि आपल्या बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. हलणाऱ्या चिरेत रबरासारखा ताणणारा पॉलियुरेथेन सीलंट भरावा. स्थिर चिरेत लॅटेक्स मिसळलेला वाळू-सिमेंटचा बारीक मसाला चालतो. वरून दोन्ही बाजूंना चार-चार इंच जातील अशी फायबरची जाळी, जलरोधक कोटिंगच्या दोन हातांमध्ये दाबून बसवायची.

वाटा निखळला असेल तर जुना पूर्ण काढा. त्यावर नवा थर चढवू नका. खालच्या पृष्ठभागाला छिन्नीने टाचे मारा, लॅटेक्स मिसळलेला सिमेंटचा घोळ लावा आणि तो ओला असतानाच नवा वाटा ओढा. कोटिंग मैदानावर थांबवू नका. वाट्यावरून कठड्याच्या भिंतीवर किमान सहा इंच चढलं पाहिजे.

दुकानदार म्हणतो, एक डबा वॉटरप्रूफ रंग मारा, पाच वर्षं बघायला नको. खरं का?

रंग चांगला असू शकतो, पण तो मलम आहे. हाड जुळवण्याचं काम त्याचं नाही. खाली पोकळ कोबा, उघडे सांधे आणि साचणारं पाणी असेल तर या रंगाचा, म्हणजे ॲक्रिलिकचा, थर पहिल्याच पावसात फुगे धरतो. ॲक्रिलिकवर पाणी दिवसचे दिवस उभं राहिलं तर ते मऊ पडून सुटतं. म्हणून आधी उतार तपासा. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही गच्चीवर डबकं असेल तर तिथे उतार दुरुस्त करायला हवा. दहा फुटाला निदान सव्वा इंच उतार असावा.

सांधे, वाटा, पाईपची तोंडं नीट करून मग पांढरं कोटिंग मारलं तर आपल्याकडे दुहेरी फायदा होतो: पाणी अडतंच, शिवाय स्लॅब कमी तापतो, म्हणजे चिरांचं मूळ कारणच कमी होतं. गडद रंग घेऊ नका. काळी डांबरी मेंब्रेन चांगली टिकते, पण आपल्या उन्हात उघडी ठेवू नये. वर परावर्तक थर किंवा फरशी हवी. पांढऱ्या कोटिंगचं आयुष्य तीन ते पाच वर्षं धरून चाला, आणि त्यावर लोखंडी बाज ओढणं, लाकडं फोडणं, खलबत्त्यात मसाला कुटणं बंद करा. वाळवणाला हरकत नाही. कुरडया-पापडांनी आजवर कुणाची गच्ची फोडलेली नाही.

जुन्या कोब्यावर नवा कोबा घालावा का?

नको. विटांच्या तुकड्यांचा चार-साडेचार इंची कोबा चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास भरतो. १,००० चौरस फुटांवर तो सुमारे २० टन झाला. त्यावर दुसरा तेवढाच थर चढवणं म्हणजे स्लॅबवर मालाने भरलेला मोठा ट्रक कायमचा उभा करणं. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी दोन थरांमध्ये कोंडतं आणि वर्षभर खाली झिरपत राहतं.

कोबा ठिकठिकाणी पोकळ वाजत असेल तर तो काढून, स्लॅब उघडा पाडून, त्यातल्या चिरा भरून नव्याने करावा. खर्चाचं काम आहे, पण एकदाच होतं. घणाने धडाधड फोडू देऊ नका. लहान हातोडी आणि छिन्नी, नाहीतर खालचा स्लॅबच तडकतो. वरून पांढरी चायना मोझॅक बसवली तर उन्हालाही आडोसा होतो.

काम कोणत्या महिन्यात काढावं?

सगळे मे महिन्यात काढतात, आणि माझ्या मते तो सगळ्यात वाईट महिना आहे. तापलेल्या गच्चीवर सिमेंटमधलं पाणी ते घट्ट होण्याआधीच उडून जातं, कोटिंगवर फुगे येतात, मिस्तरी दुपारी कामावर टिकत नाहीत, आणि पाणी मारायला पाणीच नसतं. वर मोसमी पाऊस तोंडावर आल्यामुळे घाई.

दिवाळी ते होळी हा काळ धरा. स्लॅबमधली ओल तोवर निघून गेलेली असते आणि ऊन सोसवतं. सिमेंटच्या कामाला निदान आठवडाभर पाणी मारता येतं; वर ओली गोणपाटं टाकली तर पाणीही कमी लागतं. अट एकच: गळतीच्या खुणा ऑगस्टमध्येच करून ठेवा. छतावर पेन्सिलने डागाची कड आखा, तारीख टाका, मोबाईलवर फोटो काढा. डिसेंबरात छत कोरडं आणि निरागस दिसतं, तेव्हा कुणाला काही आठवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट होतेच, तेव्हा ताडपत्री हाताशी असू द्या.

मे महिन्यातच करावं लागलं तर सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर.

पुढे माळा चढवायचा म्हणून खांबांच्या सळया वर सोडल्या आहेत. त्यांच्यातून गळतं का?

गळतं, आणि खान्देशात हे कारण फार मोठं आहे. गल्लीगल्लीत गच्चीवर दहा-पंधरा वर्षं गंजत उभ्या सळया दिसतात. सळईच्या कडेने पाणी सरळ खांबात उतरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून काँक्रीट फुटतं आणि ज्या खांबावर पुढचा माळा उभा करायचा तोच कमजोर होतो.

सळया तारेच्या ब्रशने घासून त्यांना गंजरोधक थर द्या आणि भोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचा ठोकळा ओता. पुढे माळा चढवताना तो फोडता येतो. ठोकळ्याच्या बुडाशी वाटा मारायला विसरू नका. सळया वाकवून ठेवू नका, सरळ करताना तुटतात.

पत्र्याचं घर आहे. भोकं दिसत नाहीत तरी गळतं.

दुपारी कडक उन्हात दारं-खिडक्या बंद करून आत अंधार करा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा. बहुतेक ठिपके जे-हुकच्या आणि स्क्रूच्या शेजारी सापडतील. पत्राही रोज लांबतो-आखडतो, त्याने भोक रुंदावतं आणि वॉशर उन्हाने वाळून चिरतं. वॉशर बदला, ईपीडीएम रबराचं घ्या, आणि स्क्रू इतकाच आवळा की रबर बसेल. पिळून बाहेर आलं तर जास्त झालं. स्क्रू पन्हाळीच्या खोलात नसावा, उंचवट्यावर असावा.

मग दोन पत्र्यांची चढण बघा. उताराच्या दिशेने वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढलेला हवा, आणि बाजूने दीड ते दोन नाळ्या, म्हणजे पत्र्याच्या लाटा. बाजूच्या चढणीचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे, उघडं असेल तर वारा पाणी आत ढकलतो. नवं छप्पर घालताना पूर्वेकडून सुरुवात करा. लहान भोकांवर ब्युटाइल टेप चालते, मात्र पत्रा घासून, पुसून, कोरडा करूनच. डांबर आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडाही वर्ष-दोन वर्षं काम देतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. वानरांच्या उड्यांनी सैल झालेले स्क्रू मात्र दर पावसाळ्याआधी तपासावे लागतात.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाकूनच चढा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू किंवा कापू नये. धूळ फुप्फुसात जाते.

आजोबांचं धाबं आहे. त्यावर प्लास्टिक टाकून काँक्रीट ओतलं तर?

धाब्याचं लाकूड ते वजन सोसणार नाही. तुळया, वर किलच्या, तुराट्या, पाला आणि मग मातीचा जाड थर अशी ती रचना आहे. तिला थोडी हवा लागते. काँक्रीटखाली कोंडलेल्या ओलीने तुळयांची टोकं भिंतीत कुजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

धाब्याला हवी खारी पांढरी माती. तिच्यातल्या क्षारांमुळे ओल लागताच मातीचे बारीक कण विखुरतात आणि छिद्रं बुजवतात. शेतातली काळी माती मुळीच नको. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिला पाऊस सरळ घरात येतो. वैशाखात जुन्या थरातलं गवत मुळासकट काढा, भेगा कुटून बसवा, मग खारी माती पसरा. दरवर्षी नुसती भर घालत गेलं तर वजन वाढत जातं, म्हणून अधूनमधून जुना वरचा थर उतरवायलाच हवा. पन्हाळं भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर आलेलं असावं. मातीच्या भिंतीवर पाणी पडलं तर धाबं वाचून भिंत जाते.

तुळई मध्ये झुकली असेल किंवा भिंतीतलं तिचं टोक खिळा टोचल्यावर मऊ लागत असेल तर माती घालण्याआधी खाली टेकू द्या आणि सुताराला बोलवा.

कौलांचं काय?

फुटलेलं कौल बदला, सरकलेलं बसवा, आणि खालच्या रिपा कुजल्या नाहीत ना ते बघा. नंदुरबारच्या सातपुड्याकडच्या भागात एवढी डागडुजी वर्षातून एकदा लागतेच. कौलांच्या सांध्यांत सिमेंट भरू नका, फक्त आढ्यावरच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या, कौलांना मसाला लावावा.

शेजाऱ्याच्या आणि आमच्या भिंतीत दोन बोटांची फट आहे. पाणी तिथून उतरतं.

जुन्या गल्ल्यांतलं हे कायमचं दुखणं. फटीत काँक्रीट ओतू नका. दोन्ही घरं वेगवेगळी हलतात, ते तडकतंच. वरच्या बाजूने घडी घातलेला पत्रा बसवायचा: एका भिंतीत पक्का, दुसरीवर नुसता टेकलेला. त्यासाठी शेजाऱ्याची संमती आणि निम्मा खर्च या दोन्ही गोष्टी पावसाळ्याआधी बोलून घ्या. जुलैत दोघांचाही पारा चढलेला असतो.

सोलर बसवल्यापासून गळायला लागलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घरावरच्या सोलरला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. स्टँडचे पाय बोल्टने स्लॅबमध्ये ठोकले की प्रत्येक बोल्ट हे एक भोक. पाय काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवून घ्या, आणि ठोकळा वाऱ्याच्या ओढीला पुरेल इतका जड आहे का हे बसवणाऱ्याकडून लेखी घ्या. भोकं पाडावीच लागली तर त्यांत रासायनिक अँकर आणि भोवती सीलंट. गच्चीचं जलरोधक काम सोलरच्या आधी उरकावं; पॅनेलखाली नंतर हात जात नाही.

आत्ता पाऊस चालू आहे आणि घरात धार लागली आहे. काय करू?

पंखा किंवा दिव्याजवळ पाणी असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करा. छताचा रंग पाण्याने फुग्यासारखा लोंबत असेल तर खाली बादली ठेवून खिळ्याने टोचा. आपोआप फुटला तर प्लास्टर घेऊन येतो. पाऊस उघडल्यावर गच्चीच्या पाईपचं तोंड मोकळं करा, यानेच कितीतरी गळत्या थांबतात. मग ताडपत्री टाका: कठड्यावरून पलीकडे सोडायची आणि विटांनी दाबायची. फक्त डागापुरता तुकडा टाकला तर पाणी त्याच्याखालून शिरतं. ओल्या स्लॅबवर रंग, टेप, डांबर यातलं काही धरत नाही. वाहत्या भोकाला झटपट घट्ट होणारं प्लगिंग सिमेंट तात्पुरतं चालतं. विजा कडाडत असताना लोखंडी शिडी लावून वर जाऊ नका.

छताचं प्लास्टर पडून सळया दिसतात. पुन्हा प्लास्टर करून घेऊ का?

गंजलेल्या सळईवर नुसतं प्लास्टर म्हणजे जखम झाकणं. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढावं लागतं, गंज घासून सळईला थर द्यावा लागतो आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भाग भरायचा. सळई झिजून बारीक झाली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवा, मिस्तरीच्या अंदाजावर सोडू नका. वरची गळती आधी थांबवा, नाहीतर हे सगळं वाया जातं.

फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. खर्च कुणाचा?

गच्ची सामाईक असेल तर तिच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीची, एकट्या वरच्या मजल्यावाल्याची नव्हे. अर्ज लेखी द्या, फोटो आणि तारखा जोडा. इमारत नवी आणि महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदलेली असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. ताबापत्रावरची तारीख आजच बघून ठेवा.